हाडे ठिसूळ झाली, आता चालावे की बसावे?

पावसाळा लागला की आपल्या वसईच्या वाड्यांतून शेवाळ माजते. विहिरीचा काठ, बावखलाची पायरी, मागच्या दाराचे अंगण, सगळीकडे हिरवा बुळबुळीत थर. तरण्या माणसाचा पाय घसरला तर तो उठतो, कपडे झटकतो आणि कामाला लागतो. साठीच्या बाईचा पाय घसरला तर पुष्कळदा तिला उचलूनच घरात आणावे लागते. मनगट मोडते, नाहीतर खुबा मोडतो. कधीकधी तर पडावेही लागत नाही. वाकून पाण्याचा हंडा उचलला, पाठीत कट्‌कन झाले, की मणका दबला म्हणून समजा.

मग डॉक्टर तपासतात आणि सांगतात, "हाडे ठिसूळ झाली आहेत." या दुखण्याला ते ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. नाव मोठे आहे, पण अर्थ साधा. हाड आतून पोकळ, विरळ होत गेले.

घरी आल्यावर मुले-सुना मायेने म्हणतात, "आये, आता तू हलू नकोस. एका जागी बस. पाणी आम्ही देऊ, जेवण आम्ही देऊ." हे बोलणे प्रेमाचे आहे, यात शंका नाही. पण ते हिताचे आहे का? हा प्रश्न आज घरोघरी आहे. म्हणून त्याचा जरा नीट विचार करू.

आधी हाड म्हणजे काय ते पाहू. आपल्याला वाटते, हाड म्हणजे दगडासारखी मेलेली वस्तू. तसे नाही. हाड जिवंत असते. बाहेरून त्याला घट्ट कवच असते आणि आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. ही जाळी शरीर रोज थोडी मोडते आणि रोज थोडी नवी बांधते. तिशीपर्यंत बांधकाम जास्त आणि मोडतोड कमी, म्हणून हाड भरते. पुढे मोडतोड वरचढ होते. बायकांची पाळी थांबली की पहिली काही वर्षे ही मोडतोड फार वेगाने चालते. पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांचे हाड उशिरा झिजते, इतकेच. तंबाखू, विडी, दारू, वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि बसून राहणे, या सगळ्यांनी झीज वाढते. मिसरी लावणाऱ्या बायकांनी तंबाखूची गोष्ट स्वतःला लावून घ्यावी. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

वाळवी लागलेला वासा बाहेरून रंगवलेला, छान दिसतो. बोट दाबले की आत जाते. ठिसूळ हाडाचे तसेच आहे. ते मोडेपर्यंत दुखत नाही. म्हणून त्याची घनता मोजायचे एक यंत्र निघाले आहे, त्याला डेक्सा म्हणतात. माणूस फळीवर निजतो आणि यंत्र वरून फिरते. टोचणे नाही, दुखणे नाही. तरुण निरोगी माणसाच्या हाडाशी तुलना करून यंत्र एक आकडा देते. हा आकडा उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला तर हाड ठिसूळ झाले असे मानावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवून दिले. यंत्र जवळ नसेल तरी घरी एक खूण पाहता येते. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहा आणि उंची मोजा. तरुणपणच्या उंचीहून चार सेंटीमीटरपेक्षा जास्त घट झाली असेल, तर एखादा मणका दबला असण्याचा संभव आहे. डॉक्टरांना दाखवावे.

आता बसून राहण्याची गोष्ट. १९६६ साली अमेरिकेत डल्लास या शहरी एक प्रयोग झाला. विशीतले पाच धडधाकट तरुण निवडले आणि त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. उठायचे नाही, चालायचे नाही. आधी आणि नंतर त्यांचा दमसास मोजला. तीन आठवड्यांत तो पावभराहून जास्त उतरला होता. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे झाले होते, पोटे सुटली होती. पुन्हा दमसास मोजला. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जितके नुकसान केले होते, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते!

विशीतल्या गड्यांची ही गत, तर सत्तरीच्या आजीला सहा महिने खाटेवर बसवले तर काय होईल?

आणि बसून राहिल्याने नुसता दमच जात नाही, हाडही जाते. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन वैद्याने १८९२ साली लिहून ठेवले की, हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते. भार पडला तर भरते, भार गेला तर विरते. टेनिस खेळणाऱ्याचा बॅट धरणारा हात तपासला तर त्याचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडाहून जाड निघते. याच्या उलट अंतराळवीरांचे होते. तिथे वजनच नाही, म्हणून पायांवर भार नाही. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने कमी होत जाते. म्हणून तिथे रोज व्यायाम करावाच लागतो. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये अंतराळस्थानकातच फिरत्या पट्ट्यावर मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर अंतर पुरे केले. शरीर हवेत तरंगू नये म्हणून त्यांना पट्ट्यांनी खाली ओढून धरावे लागले होते. जमिनीवर आपल्याला हा भार फुकट मिळतो, आणि आपण तो खाटेवर बसून दवडतो.

म्हणजे चालले पाहिजे, हे ठरले. पण किती? कसे? आणि हृदय तेवढे सोसेल का? इथे परीक्षेची गरज लागते.

हृदय म्हणजे पंप. आपल्याकडे बावखलावर पंप असतो, त्याचाच दाखला घेऊ. जवळच्या वाफ्याला पाणी द्यायचे असेल तर जुनाट पंपही घरघर करत पाणी देतो. पण वाडीच्या लांबच्या टोकाला, चढावरच्या केळीला पाणी द्यायची वेळ आली की खरे कळते. धापा टाकतो की नेटाने ओढतो? हृदयाचे असेच आहे. बसल्या जागी ते मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. एवढे काम दुखणाईत हृदयही करून दाखवते. निरोगी तरुण माणूस जोरात पळाला की तेच हृदय मिनिटाला वीस लिटरच्या घरात जाते. म्हणून नुसते खाटेवर झोपवून काढलेला हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, चांगला आला तरी सगळे कळते असे नाही. माणसाला चालवून, दमवून आलेख काढावा लागतो. याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात.

विरारच्या जीवदानीच्या पायऱ्या चढताना किंवा रेल्वेच्या पुलावर जिना चढताना तुम्ही थांबता का, किती वेळा थांबता, ही तुमची आपोआप होणारी परीक्षाच आहे. फरक एवढाच की तिथे नाडी बघणारा कोणी नसतो.

ठिसूळ हाडांच्या माणसाला ही परीक्षा जास्त का हवी, ते सांगतो. समजा, एक आजी आहेत. पाठीला बाक आला आहे. दहा पावले चालल्या की धाप लागते. घरचे म्हणतात, वय झाले. आता ही धाप कशाची? पाठीला बाक आला की बरगड्या खाली उतरतात आणि फुप्फुसांना फुगायला जागा राहत नाही. धाप त्याची असू शकेल. किंवा महिनोन्‌महिने बसून दमसास गेला असेल. किंवा खरोखरच हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील. तिन्हींत धाप दिसायला एकच, पण उपाय वेगळे. शिवाय ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसात बरोबर आढळतात. वय, तंबाखू, बैठे जिणे ही दोघांचीही कारणे. हाडातला चुना कमी होत असतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवर मात्र चुना बसत असतो, असेही डॉक्टरांना अनेकांत दिसून आले आहे.

मोठ्या रुग्णालयात ही परीक्षा फिरत्या पट्ट्यावर होते. त्याला ट्रेडमिल म्हणतात. छातीवर दहा चकत्या चिकटवतात, त्यांच्या तारा यंत्राला जोडतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतात. मग पायाखालचा पट्टा सरकू लागतो आणि माणसाने त्यावर चालायचे. अमेरिकेतील रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी बसवलेली पद्धत जगभर चालते. त्यांनी ती १९६३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्याच टप्प्याला वेग ताशी २.७ किलोमीटर असतो, आणि शंभर फुटांना दहा फूट चढ असतो. दुसऱ्याला वेग ताशी ४ किलोमीटर होतो आणि चढ बारा फूट. तरुणाला हे काहीच नाही. पण मणका दबलेल्या आजीला पहिलाच चढ भारी. म्हणून अशा माणसांसाठी सौम्य पद्धत असते. तिच्यात सुरुवात सपाट पट्ट्यावर होते आणि चढ हळूहळू येतो. परीक्षेआधी डॉक्टरांना हाडाची गोष्ट सांगितली नाही, तर ही सौम्य पद्धत वापरायला हवी हे त्यांना कसे कळणार?

पट्ट्याचा एक धोका आहे. पाठीला बाक आला की शरीराचा तोल पुढे झुकतो, आणि सरकत्या पट्ट्यावर तो सांभाळणे अवघड जाते. म्हणून बाजूच्या दांडीला बोटे टेकवावीत, आणि एक माणूस पाठीशी उभा असावा. मात्र दांडीवर सगळा भार टाकून लोंबकळू नये. तसे केले तर पायांचे काम हात करतात आणि दमसास आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मास्तरापुढे शेजाऱ्याच्या पाटीत पाहून उत्तर लिहिण्यासारखेच ते. मार्क मिळतात, पण ज्ञान कळत नाही.

ज्यांचा मणका फार दबला आहे, चालताना कळ येते, त्यांच्यासाठी जागेवरची सायकल बरी. तिच्यावर पडायची भीती कमी. पण तिथेही ताठ बसायचे. शर्यतीच्या सायकलवाल्यासारखे पुढे वाकायचे नाही. पुढे वाकले की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो, आणि ठिसूळ मणका तिथेच चिरडतो. याच कारणाने, हाडे फार ठिसूळ असतील तर "जास्तीत जास्त किती वजन उचलता?" अशी ताकदीची परीक्षा घेत नाहीत.

ज्यांना पट्टाही नको आणि सायकलही नको, त्यांच्यासाठी सहा मिनिटे चालण्याची परीक्षा आहे. आम्हाला ही सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात यंत्र जवळजवळ नाहीच. तीस मीटर लांबीची सपाट पडवी लागते, दोन टोकांना खुणा, एक घड्याळ, आणि बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे चिमट्यासारखे छोटे यंत्र. माणसाने आपल्या चालीने सहा मिनिटांत होईल तेवढे अंतर चालायचे. पळायचे नाही. काठी लागत असेल तर काठी घ्यायची. दमले तर थांबावे, भिंतीला टेकावे, पण घड्याळ थांबत नाही. मग फेऱ्या मोजायच्या. तीस मीटरच्या बारा फेऱ्या झाल्या, म्हणजे १२ गुणिले ३० बरोबर ३६० मीटर. तब्येत बरी असलेली वडीलधारी माणसे साधारण ४०० ते ६०० मीटर चालतात. तीनशेच्या आत आकडा राहिला तर डॉक्टर खोलात शिरून कारण शोधतात. दोन महिने व्यायाम करून पुन्हा परीक्षा घेतली आणि तीसेक मीटर, म्हणजे एक फेरी, वाढली तरी ती खरी सुधारणा मानतात. ही परीक्षा रक्तवाहिनी अरुंद आहे की नाही ते सांगत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवा. ती दम सांगते.

आणि जे चालूच शकत नाहीत? त्यांना शिरेतून औषध देतात. त्याने हृदय पळाल्यासारखे जोरात चालते आणि त्याच वेळी सोनोग्राफीने ते कसे आकुंचते ते पाहतात. माणूस खाटेवर, पळते फक्त हृदय!

परीक्षेत नाडीचा आकडा पाहतात. २२० मधून वय वजा केले की नाडीची ढोबळ कमाल मर्यादा मिळते. ६५ वर्षांच्या माणसाची १५५. तिच्या शंभरांतील ८५ हिश्शांपर्यंत, म्हणजे १३२ च्या आसपास नाडी गेली की परीक्षा पुरेशी झाली असे धरतात. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. अशा वेळी डॉक्टर माणसालाच विचारतात, "मावशी, किती कष्ट वाटतात?" यासाठी गुन्नर बोर्ग या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञांनी ६ ते २० अशी मोजपट्टी केली आहे. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, १३ म्हणजे जरा जड जाते, २० म्हणजे आता एक पाऊलही नाही. इथे भिडेखातर खोटे सांगू नये. आपल्या बायकांना सवय असते, "काय नाय, बरं हाय," म्हणायची. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पाठीत सणक गेली, तर तिथल्या तिथे बोलावे. पट्टा लगेच थांबवतात.

आलेखाबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. बायकांच्या बाबतीत हा आलेख पुष्कळदा नसलेला दोष दाखवतो. म्हणून आलेख बिघडलेला आला म्हणून घरात रडारड करू नये. डॉक्टर दुसरी तपासणी करून खात्री करून घेतात.

परीक्षा झाली की चालण्याचे माप ठरते. साधी कसोटी अशी की, चालताना बोलता आले पाहिजे पण गाता येऊ नये. गाता आले तर चाल फार संथ आहे, बोलताही येईना तर फार जोरात आहे. आठवड्यात पाच दिवस अर्धा-अर्धा तास पुष्कळ झाला. सुरुवातीला दहा-दहा मिनिटे तीनदा चाललात तरी चालेल. सुरुचीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली रेती घट्ट असते, तिथे चालावे. वरच्या भुसभुशीत रेतीत पाय मुरगळतो. पोहणे आणि सायकल हृदयाला उत्तम, पण त्यांत अंगाचा भार पायांच्या हाडांवर पडत नाही. म्हणून त्यांच्या जोडीला चालणे हवेच. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा वर उचलणे, यांनी मांड्या-पोटऱ्या बळकट होतात आणि माणूस पडत नाही.

आता वादाचा विषय. पुष्कळ जण म्हणतील, "आम्ही लहानपणापासून सूर्यनमस्कार घालतो, ते सोडायचे?" सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे, आम्ही शाळेत मुलांकडून तो वर्षानुवर्षे करून घेतला. पण मणका ठिसूळ झालेल्या माणसाने कमरेत वाकून हात जमिनीला लावणे धोक्याचे आहे. पाठ मागे ताठ करण्याचे सौम्य व्यायाम त्यांनी शिकून घेऊन करावेत. विहिरीतून दोराने पाणी ओढताना कमरेत पीळ देणे, खाली वाकून हंडा उचलणे, आखूड केरसुणीने वाकून अंगण झाडणे, हेही टाळावे. लांब दांड्याचा झाडू घ्यावा. वसई-विरारची मॅरेथॉन २०११ साली सुरू झाली, ती पाहून कोणाला स्फुरण चढले तर आनंद आहे. पण मणका एकदा मोडलेल्याने पळण्याचे, उड्या मारण्याचे हिसके देऊ नयेत. झपझप चालावे.

खाण्याचा पाठ वेगळा आहे, तरी दोन शब्द. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम चुना लागतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतो. तीळ, दूध, सुका जवळा यांतही भरपूर असतो. आणि हा चुना अंगी लागायला उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व लागते. सावलीत बसलेल्या आजीला तेही मिळत नाही.

परीक्षेला जाताना काय करावे? आधी दोन-तीन तास पोटभर जेवू नये. त्या दिवशी चहा, तंबाखू, मिसरी वर्ज्य. रोजच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. साडीचा घोळ पट्ट्यात अडकतो, म्हणून सलवार-कुडता असल्यास बरा. चपला नकोत, तळ न घसरणारे बूट हवेत. ताप असेल, हाड नुकतेच मोडले असेल किंवा दोन-चार दिवसांत छातीत नवी कळ सुरू झाली असेल, तर परीक्षा पुढे ढकलतात. म्हणून हे लपवू नये. कोणते हाड कधी मोडले, उंची किती घटली, चक्कर येते का, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे घरीच एका कागदावर लिहून न्यावे. आता तुम्हाला लिहिता येते. परीक्षेचा कागद मिळाला की तो जुन्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. पुढच्या परीक्षेच्या वेळी डॉक्टर पहिल्याने तोच मागतात.